नव्वद साखरेची घोडी

चांदणीवर अन्याय झाला. कधी, तेही नेमकं सांगते: माघातल्या शेवटच्या रविवारी, संध्याकाळी, गोरज मुहूर्ताला थोडा अवधी उरलेला असताना. कुठे, तर नागावात, नवरीच्या मांडवापासून हाकेच्या अंतरावर. चांदणी ही घोडी. पाठीवर नवरदेव असताना ती भर रस्त्यात बसली, आणि तिला उठवायला माणसांनी तिच्या तोंडापुढे गूळ धरला. चाबूक कुणी मारला नाही. उपाशी कुणी ठेवलं नाही. सगळ्यांनी लाड केले, आणि त्या लाडांनीच तिचे पाय गेले.

मी मिरजेकडची. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या गटात आहे. पत्रकं लिहिते, वाटते, चौकात उभी राहून भांडते. हिवाळा संपायच्या आत रायगडचा किनारा फिरून तिथली कामाची जनावरं बघून यायची, एवढंच काम मला दिलं होतं. पिशवीत पत्रकांचा गठ्ठा होता. त्यावर मथळा: ‘हडकुळं जनावर दिसलं? गप्प बसू नका!’ जाड जनावराबद्दल त्यात एक ओळही नव्हती.

नागाव, गुरुवार

नागावचा किनारा रुंद आणि राखाडी. सुरूच्या बनातून बाहेर आलं की आधी पेट्रोलचा वास येतो, मग समुद्राचा. पाण्यावर खेळायच्या गाड्या, दोरीने ओढायचे केळ्याच्या आकाराचे फुगे, छत्र्या, भुट्टे, आणि या सगळ्यातून गळ्यात घुंगरू घालून फिरणारी घोडी, घोडागाड्या आणि दोन कंटाळलेले उंट. घोड्यावर बसून झालं की माणसं त्याला बिस्किटं देतात. उरलेली उंटाला. मग कुत्र्याला. शेवटी चुरा हवेत उडवतात, तो समुद्रपक्षी झेलतात. एकच पुडा आणि चार तऱ्हेची पोटं, पण देणाऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान एकाच तऱ्हेचं. मी एका काकांना म्हटलं, देऊ नका. ते म्हणाले, “मुक्या जीवाला खाऊ घालतोय, चोरी नाही करत.” आणि त्यांनी दुसरा पुडा फोडला.

धर्मादादा मला तिथेच भेटले. चाळिशीचे, आगरी, पूर्वी वडिलांचं मिठागर होतं, आता नारळाची छोटी वाडी आणि एक घोडी. माझ्या हातातलं पत्रक वाचून त्यांनी मला घोडीकडेच ओढत नेलं.

“ताई, माज्या घोरीच्या अंगाव एक वल दाखव. एक. आज धंदा सोरतो.”

इथल्या बोलीत घोडी ‘घोरी’ होते आणि वळ ‘वल’. कान दोन वाक्यांत सरावतात. वळ खरंच नव्हता. चांदणी पांढरीशुभ्र, गोलमटोल, कातडी आरशासारखी. बरगडी एकही दिसत नव्हती. मानेच्या वरच्या कडेला, आयाळीच्या खाली, चरबीचा जाड पट्टा उभा राहिलेला. हात लावला तर नारळाच्या सोडणासारखा घट्ट.

“ह्यो ताज हाय तिचा,” धर्मादादा म्हणाले. “आख्या बीचवर दुसऱ्या घोरीला न्हाय.”

एक गोष्ट मात्र मला खटकली. चांदणी पुढचे दोन्ही पाय लांब पुढे टाकून, मागे रेलून उभी होती. ओसरीवर पाय पसरून बसलेल्या माणसासारखी, पण उभ्याने. वळायला सांगितलं की पाय उचलण्याआधी विचार करायची.

“अशी का उभी राहते?”

“ऐट हाय ती. मामाची घोरी हाय, ऐट नको?”

मामा म्हणजे ते स्वतः. त्यांच्या बहिणीच्या मुलाचं, रोशनचं, रविवारी गावातच लग्न होतं आणि भाचा मामाच्या घोडीवरून मांडवात जाणार होता. या पाड्यात तो मान आहे. गाडी फुलांनी सजवून दुसऱ्याकडून आणता येते, घोडी नाही. आणि मिरवणूक ज्या ज्या दारासमोर थांबते, त्या दारातली बाई नवरदेवाला ओवाळते आणि घोडीच्या तोंडात गोड घालते. लाडू, पेढा, गूळ, जे असेल ते. घोडीने गोड खाल्लं की संसार गोड होतो. हे मला धर्मादादांच्या बायकोने, हिरावहिनींनी, रात्रीच्या जेवणाला सांगितलं.

जेवण म्हणजे पोपटी. मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, चिकनचे तुकडे भरायचे, भांबुर्ड्याच्या पाल्याने तोंड बंद करायचं, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही. आमच्याकडे हुरडा असतो, तसाच शेकोटीभोवतीचा प्रकार, पण वालाला धुराचा आणि पाल्याचा जो वास लागतो, त्याला तोड नाही. हिरावहिनींनी स्वतः बटाटा वगळला. त्यांना मधुमेह आहे. साखर बघायचं मशीन कमरेच्या पिशवीतच असतं, बोटाला टोचून घरातल्या सगळ्यांची साखर बघायचा त्यांना नाद आहे.

चांदणीच्या उभं राहण्याबद्दल मी पुन्हा विषय काढला, तर त्या हसल्या.

“मना बी वाटलेला, घोरी दमते, चालाला मागत न्हाय, आमच्यासारकी साकर असंल. तं मी परवा तिच्या ओठाला टोचून बगितली. नव्वद! माजी कवा नव्वद आली न्हाय.”

“तिची हिच्यापेक्षा चांगली,” धर्मादादा म्हणाले. “म्हंजे आता घोरीनीच हिला डॉक्टरकी शिकवाची.”

“तू गप रे. ताई, आज कोंबरीची बी बगितली. अडीचशेच्या पार! म्हनलं, ही काय वाचत न्हाय. कापली.”

“कापली?”

“मंग काय, दवाखान्यात नेऊ? तीच तं खातंस तू.”

सगळे हसले, मीही हसले. चिकन चांगलं झालं होतं.

मुरुड, शुक्रवार

मुरुडला मी डॉक्टर फरीदांना भेटायला गेले. पन्नाशीच्या, खासगी काम करणाऱ्या जनावरांच्या डॉक्टर. स्कूटरच्या पुढच्या बाजूला औषधांचा डबा बांधून रेवदंड्यापासून श्रीवर्धनपर्यंत फिरतात. घरात शिरल्या शिरल्या माझं पत्रक वाचून त्यांनी ते चष्म्याच्या घराखाली ठेवलं.

“तुम्ही पत्रकवाल्या पोरी हाडं मोजता. मला दिवसभरात हडकुळी जनावरं किती दिसतात आणि लठ्ठ किती, विचार.”

“किती?”

“जेव आधी.”

तांदळाची रोटी आणि कोळंबीचं सालन, नारळाचं, आंबट. जेवून आम्ही कोळीवाड्यात गेलो. दोऱ्यांवर बोंबील तोंडात तोंड अडकवून वाळत घातलेले, खाली मांजरं आणि कुत्री. तिथे मैना नावाची एक कुत्री होती. बारीक, डोळ्यांवर दुधी पडदा. भांड्यातलं पाणी संपवून दुसऱ्या भांड्याकडे जाताना ती टोपलीला धडकली. मला वाटलं, म्हातारी आहे.

“पाच वर्षांची आहे,” फरीदा म्हणाल्या आणि तिच्या मानेच्या कातडीला चिमटीत धरून इंजेक्शन दिलं. “मधुमेह. कुत्र्यात डोळ्याला फार लवकर मोतीबिंदू होतो. मांजरात तसा होत नाही.”

मैनाला सांभाळणारी कोळीण, नागूबाई, कमरेवर हात ठेवून उभी होती. “बाई, गोर तं तिला म्हाईतच न्हाय. बोंबलाबिगर कायपन खाल्ला न्हाय तिनी. मंग साकर झाली कशी?”

“गोडाने नाही झाली, नागूबाई. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच मेल्या तिच्या. कुत्र्यात बहुतेक असंच असतं. माजावर येऊन गेल्यावर कुत्रीत हे जास्त दिसतं. म्हणून म्हटलं होतं, ऑपरेशन करून घे.”

“म्हंजे मी काय वाईट नाय खिलवला.”

“नाही खिलवलंस. पण इंजेक्शन जन्मभर. एक दिवस चुकवायचं नाही.”

नागूबाईने मान हलवली आणि बोंबील उलटायला गेली.

परतताना एका लॉजच्या पायरीवर पिंपासारखा लॅब्राडोर पसरला होता. पर्यटक त्याला पराठे घालतात. फरीदांनी स्कूटर हळू केली. “याची साखर मी पाहिली आहे, अगदी बरोबर आहे. याचे खुबे गेलेत, आणि एक दिवस तुपकट काही खाऊन स्वादुपिंडाला सूज येईल, तेव्हा मालक रात्री मला फोन करेल. ती बारीक कुत्री मधुमेही, हा लठ्ठ कुत्रा नाही. लिही तुझ्या पत्रकात.”

मी विचारलं, मग आमच्या बैलांचं काय? आमचा उसाचा पट्टा. जनावरं उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा पाला, खाऊनच वाढतात, बेंदराच्या सणाला बैलाला पुरणपोळी. त्यांना मधुमेह झाल्याचं मी ऐकलं नव्हतं.

“बैलाच्या पोटात आधी जंतूंचा कारखाना आहे. साखर रक्तात पोचायच्या आधी तेच ती संपवतात आणि बैलाला दुसरंच इंधन देतात. लागते ती साखर त्याचं यकृत स्वतः बनवतं. म्हणून त्याला तुझा-माझा मधुमेह होत नाही. पण एका दिवसात पातेलंभर पुरण घाल, तोच कारखाना आंबेल आणि बैल मरेल. प्रत्येकाच्या पोटाचा कायदा वेगळा.”

तेव्हा मला हिरावहिनींची कोंबडी आठवली. ऐकून फरीदा स्कूटर थांबवून हसल्या. पक्ष्यांच्या रक्तात साखर मुळातच आपल्या दुपटी-तिपटीने असते, त्याने त्यांचं काही बिघडत नाही. कोंबडी ठणठणीत होती.

“आणि नव्वद कुणाची आली म्हणालीस?”

मी फोनमधला चांदणीचा फोटो दाखवला. त्यांचं हसणं तिथेच थांबलं. फोटो मोठा करून त्यांनी आधी मान पाहिली, मग पाय.

“ही ऐट नाही. हिचे पुढचे खूर जळताहेत, म्हणून ही त्यांच्यावरचं वजन काढायला बघते.”

त्यांनी जे सांगितलं ते इथे सरळ लिहिते, कारण हेच मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. जास्त गोड आणि धान्य खाऊन घोडा लठ्ठ झाला की त्याचं शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं. माणसात अशा वेळी पुढे साखर चढते. घोड्यात बहुतेक वेळा चढत नाही, कारण त्याचं स्वादुपिंड थकत नाही. ते इन्सुलिन ओतत राहतं. म्हणून मशीनवर नव्वद. आणि रक्तात साचलेलं ते इन्सुलिन घात करतं खुरात. खुराच्या आत हाड असतं, ते नखाच्या भिंतीला आतून चिकटलेलं असतं. ती चिकटण सैल होते, वरून घोड्याचं सगळं वजन, आणि हाड खाली फिरतं. “तुझं नख मुळापासून उचकटलं आणि त्याच बोटावर तुला कुणी नाचायला लावलं, असं समज,” फरीदा म्हणाल्या. “वरून स्वार.”

त्यांनी तिथूनच धर्मादादांना फोन लावला. घोडी बांधून ठेवा, खाली मऊ वाळू टाका, धान्य बंद, गोड तर विषासमान, भिजवून निथळलेलं सुकं गवतच द्या, रविवारी मी येते. पलीकडून आवाज स्पष्ट येत होता.

“डॉक्टरबाई, साकर नव्वद हाय तिची.”

“ती नव्वदच असणार. घोड्यात ती बघायचीच नसते.”

“मंग मशीन खोटा?”

“मशीन खरं आहे. माणसाचं आहे.”

“भाच्याचा लगीन हाय वो. मामाची घोरी न्हाय आली तं आख्खा पारा काय बोलंल?”

“आली आणि रस्त्यात बसली, तर काय बोलेल?”

पलीकडून घुंगरू वाजल्याचा आवाज आला. मग, “बगतो.”

दिवेआगर, शनिवार

शनिवारी फरीदांना दिवेआगरला एक बोका बघायचा होता. आगरदांड्याहून फेरीबोटीत स्कूटर चढवली आणि खाडी ओलांडून दिघीला उतरलो. दिवेआगरच्या वाड्या वाटेवरून बघताना नीट पाहिलं की कळतं: उंच माड मधूनच एखादा, आणि मध्ये सगळी कोवळी झाडं, एकाच वयाची. काही वर्षांपूर्वीच्या चक्रीवादळात जुनी पडली, ही नंतर लावलेली. सुपारीचं तर छत्रच गेलं होतं, आता कुठे सावली धरते आहे.

मंगलकाकू पर्यटकांना घरी उतरवून घेतात. त्यांच्या बोक्याचं नाव शेट. वादळाआधी शेट वाडीत राहायचा, उंदीर मारायचा, घरात यायचा तो पावसापुरता. वाडी गेली, उंदीर गेले, शेट घरात आला. काकू म्हणाल्या, “त्या दिवसांत आम्हीच इतके घाबरलेलो, त्याला दाराबाहेर सोडवेना.” मग दूधभात. मग पाहुण्यांच्या ताटातला मोदक. पाहुणे त्याचे फोटो काढायचे आणि बदल्यात त्याला खाऊ घालायचे. शेट फुगत गेला, आणि एक दिवस तो टाचा टेकून चालायला लागला. मांजर बोटांवर चालतं. शेटचे मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला लागायला लागले.

“आम्हाला वाटलं, जाड झालाय म्हणून,” काकू म्हणाल्या. “डॉक्टर म्हणाल्या, साखरेने नसा गेल्या. तेव्हापासून रोज सुई.”

हा मात्र माणसासारखा मधुमेह. लठ्ठपणातून येणारा, घरात बसून येणारा. पण माणसाला जे सहसा साधत नाही ते मांजराला बरेचदा साधतं: वेळीच इन्सुलिन सुरू केलं, भात तोडला, वजन उतरलं, तर इंजेक्शन सुटूही शकतं. मांजर मुळात मांसखाऊ. भाताची सोय त्याच्या शरीरात फारशी नाहीच. फरीदांनी शेटच्या कानाला टोचून थेंब घेतला, दवाखान्यात नाही, त्याच्या नेहमीच्या खिडकीत. मांजर घाबरलं तरी साखर चढते म्हणे. मग त्यांनी काकूंकडे बघितलं.

“आजपासून सुई बंद.”

“खरंच? मग आता थोडा दूधभात...”

“काकू.”

“चमचाभर हो. उपवास सुटल्यासारखा.”

“काकू, एक चमचा दिलात तर पुढची सुई मी त्याला नाही, तुम्हाला टोचेन.”

आम्हाला मात्र पानात चार-चार उकडीचे मोदक पडले, वर तूप. नको म्हटलं तर काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की मी पाचवाही खाल्ला. शेट खिडकीतून उतरला. अजून किंचित टाचेवर चालत होता, पण उडी मारून उतरला.

संध्याकाळी ओल्या वाळूवर चिखल्या पक्ष्यांचे थवे पळत होते. टाचणी टोचल्यासारखं टिपायचं आणि पळायचं. फरीदा म्हणाल्या, थोड्या दिवसांनी हे उत्तरेकडे हिमालयापलीकडे जातील, आणि निघण्याआधी अंगावर इतकी चरबी चढवतील की आपल्यात कुणी चढवली तर दवाखान्यात भरती करावं लागेल. त्यांना काही होत नाही. ती चरबी वाटेत जाळून टाकतात. चरबी हा आजार नाही, वाट नसलेली चरबी हा आजार आहे, असं काहीतरी मी त्यावर म्हणाले. फरीदा म्हणाल्या, “पत्रक लिहू नको. चांदणीच्या घरी फोन लाव.”

लावला. हिरावहिनींनी उचलला. मागे हळदीचा बँड. “ताई, उद्या या जेवाला!” एवढंच ऐकू आलं.

नागाव, रविवार

सकाळीच निघालो, तरी काशीदच्या चढावर स्कूटरचं चाक बसलं. पंक्चरवाला लग्नाला गेलेला. रायगडात माघात प्रत्येकजण कुणाच्या तरी लग्नाला गेलेला असतो. दुसरा सापडेपर्यंत दुपार टळली. धर्मादादा फोन उचलत नव्हते.

नागावात शिरलो तेव्हा मिरवणूक रस्त्यात होती. पुढे बँड, मग नाचणारी पोरं, मग चांदणी. कपाळावर मोत्यांची झालर, मानेवरच्या त्या चरबीच्या पट्ट्यावरून झेंडूची माळ सोडलेली. धर्मादादा लगाम धरून चालत होते. चांदणी एक पाऊल टाकायची, थांबायची. ती थांबली की लोकांना वाटायचं दारासाठी थांबली, आणि दारातली बाई लाडू घेऊन पुढे यायची. मी गर्दीतून ओरडले, देऊ नका. बँडपुढे माझा आवाज काय टिकणार? करवली, म्हणजे रोशनची बहीण, हातात बुंदीच्या लाडवांचं ताट घेऊन घोडीच्या पुढ्यात चालत होती, दाखवत दाखवत. ताटामागे घोडी येत होती, असं सगळ्यांना वाटत होतं.

मांडवाची कमान दिसायला लागली आणि चांदणी बसली. आधी मागचे पाय, मग सगळी. रोशन फेट्यासकट बाजूला कलंडला, त्याला चौघांनी धरलं. बँड थांबला.

“रुसली!” कुणीतरी म्हणालं.

“मानपान राहिला तिचा. गूल आना.”

गूळ आला. ढेप फोडून आणला. एक म्हातारी चांदणीच्या तोंडाशी गूळ धरून तिला चुचकारत होती, “उट माजी बाय, उट.” चांदणीने गूळ खाल्ला. तेवढ्यात फरीदा पोचल्या, त्यांनी म्हातारीचा हात हलकेच बाजूला केला आणि खुराला तळहात लावला. मग मला लावायला सांगितला. तव्यावरून उतरलेल्या भाकरीसारखा गरम.

“धर्मा,” त्या म्हणाल्या, “मासळीचा बर्फ कुठे मिळेल?”

धर्मादादा लगाम धरून उभेच होते. चेहरा पिठासारखा झाला होता. बोलला तो रोशन. फेटा सावरत म्हणाला, “कोलीवाऱ्यात. ए, टेम्पो काढा रे!” आणि मग नवरदेवाने जे केलं ते बघायला अख्खा पाडा पुढे सरकला. त्याने मोजड्या झटकल्या, मामाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “मामा, तू हिच्याजवल थांब. मी चालतो.”

“अरं पन मान...”

“कमान तं हीच हाय. किती लांब हाय?”

तो चालत गेला. करवली मागे पळाली. बँड पुन्हा सुरू झाला. मुहूर्त चुकला नाही. अक्षता पडल्या त्या आम्हाला लाउडस्पीकरवर ऐकू आल्या.

इकडे माशांच्या प्लॅस्टिकच्या टोपल्यांत बर्फाचा चुरा भरून आम्ही चांदणीचे पुढचे पाय त्यात बुडवले. बर्फाला बोंबलाचा वास. फरीदांनी दुखण्याचं औषध दिलं. हिरावहिनी शालूतच खाली बसल्या, पाय टोपलीबाहेर येऊ नये म्हणून धरून. त्यांनी एकदाच विचारलं, “मी बगितलेली ना वो. नव्वद होती.” फरीदा म्हणाल्या, “होती वहिनी. खोटी नव्हती.” वहिनींनी टोपलीत आणखी बर्फ ओढला. लग्नाचं जेवण कुणीतरी पत्रावळीवर आणून दिलं, ते कुणी उघडलं नाही. भरती ओसरल्यावर दहा-बारा माणसांनी आधार देत, थांबत थांबत तिला ओल्या वाळूत नेऊन उभं केलं. तिथे तिने पहिल्यांदा मान खाली टाकली.

हे लिहायला बसायच्या आधी धर्मादादांशी बोलले. लग्नानंतर मुंबईहून क्ष-किरणाचं फिरतं मशीन आणून फोटो काढले. दोन्ही पुढच्या खुरांतली हाडं फिरली आहेत. चांदणी जिवंत आहे. वाडीत वाळूच्या खड्ड्यात उभी असते, भिजवलेलं गवत खाते, मानेवरची चरबी उतरते आहे. पाठीवर पुन्हा कुणी बसणार नाही. उन्हाळ्यात दुखणं वाढलं तर काय करायचं, हे फरीदांनी धर्मादादांना एकट्याला सांगितलं आहे. ते काय, हे त्यांनी मला सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

“लोकं इच्यारतात, तुज्या घोरीवर कुनी करनी केली?” धर्मादादा म्हणाले. “मी सांगतो, मीच. समद्यांनी मिलून.”

मी त्यांना दोष देत नाही. त्यांना सांगितलं गेलं ते उशिरा, फोनवर, लग्न दोन दिवसांवर आलेलं असताना. तुम्हाला आता माहीत आहे. म्हणून तुम्हाला विचारते: नागावातलं ते लग्न घोडीशिवाय लागलं, त्यात कुणाचं काय अडलं? नवरीने नवऱ्याला ओळखलं नाही का? अक्षता खाली पडल्या नाहीत का?

तुमच्या घरात यंदा लग्न असेल, तर घोडी ठरवली असेल ती आजच रद्द करा. पुढच्या आठवड्यात नको, सगळ्यांशी बोलून नको, आज. आणि नवरदेवाला मांडवापर्यंत चालत न्या. त्याला पाय आहेत.